दोरावर घरचं माणूस

माझं पोट लोकांच्या पडण्यावर चालतं. विमा कंपनीत अपघाताचे जे दावे येतात ते तपासायचं माझं काम. शिडीवरून पडलेला रंगारी, गॅलरीतून पडलेली कुंडी आणि नेमकी तिच्याखाली उभी असलेली नवी गाडी, जिन्यात घसरलेले आणि पाय त्याआधीच मोडला होता हे सांगायला विसरलेले गृहस्थ. कोण पडलं हे कोणीही सांगेल. कोणाच्या चुकीनं पडलं हे मी सांगतो. वर्षानुवर्षं हे केलं की नजर बिघडते. लोक गॅलरीत उभे राहून मावळता सूर्य बघतात. मी कठड्याचे स्क्रू बघतो.

अशा माणसाच्या घरी आमची मुलगी जन्माला आली. तिच्या हातात वस्तू टिकत नाहीत. कप, बशा, माझे चष्मे, एकदा माशांची काचेची पेटी. (मासे वाचले. सतरंजी वाचली नाही.) तिला वेंधळी म्हणावं तर तसंही नाही. सगळं धावत करते एवढंच, आणि काही विचारलं की मागे न बघता म्हणते, "हो हो, झालं." ते कधी झालेलं नसतं. समोरच्या दारात माझी थोरली बहीण राहते, म्हणजे तिची आत्या. दिवाणखान्यातला दिवा काचेच्या टोपीसकट खाली आला त्या दिवशी आत्यानं तिचं नाव 'पाडकाम खातं' ठेवलं, आणि ते चिकटलं. संध्याकाळी आत्या दारातून डोकावून विचारायची, "काय गं खातं, आज काय काढलं निकालात?"

तर हे खातं वीस वर्षांचं झालं, कॉलेजात गेलं, आणि एक दिवस आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली.

सहाव्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. देहानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. लिफ्ट बंद असताना ते न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेतून दोन माणसं आली. त्यांनी जिना बघितला, मुख्याध्यापक बघितले, पुन्हा जिना बघितला आणि फोन लावला. थोड्या वेळानं गळ्यात निळे स्कार्फ बांधलेली सहा तरुण मुलंमुली जिना चढून आली. बरोबर एक स्ट्रेचर, पट्टे आणि दोर.

जिन्यातून कपाट उतरवताना चार माणसं किती आरडाओरडा करतात ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. हे सहा जण ओरडत नव्हते. पुढची मुलगी विचारायची, "धरलंय?" मागून पाच आवाज यायचे, "धरलंय." मग एक पायरी. पुन्हा, "धरलंय?" जोवर पाचही आवाज येत नाहीत तोवर कोणाचा पाय उचलायचा नाही. जिन्याच्या वळणावर ते स्ट्रेचर हातांतून हातांत असं सरकत होतं, की सुईच्या नेढ्यातून दोरा जावा. सहाव्या मजल्यावर मुख्याध्यापक "सांभाळून रे गाढवांनो" म्हणत होते. चौथ्यावर ते गप्प झाले. दुसऱ्यावर त्यांनी डोळे मिटले, भीतीनं नव्हे, गाडीत झोप लागावी तसे. आणि खाली पोचल्यावर ते म्हणाले, "शाबास." आख्ख्या नोकरीत हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता. रुग्णवाहिकेचं दार लागल्यावरही आम्ही सगळे शेजारी जिन्यात तसेच उभे होतो. देवळातून बाहेर पडताना चपला शोधायचं सुचू नये, तसं झालं होतं.

मी सवयीनं प्रत्येक मजल्यावर चूक शोधत उतरलो होतो. सापडली नाही. मला जरा अस्वस्थच वाटलं.

मुलगी आमच्या दारात उभी होती. तिच्या हातात पाण्यानं भरलेला ग्लास होता. तो पडला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शाळेत असताना शिट्ट्या वाजवत कवायत करणारी स्काउटची मुलं मोठी झाल्यावर कुठे जातात, याचा मी कधी विचार केला नव्हता. ती कुठेही जात नाहीत. तेच करतात, हाफपँटची फुलपँट होते इतकंच. अठरा ते पंचवीस वयाच्या अशा तरुण स्काउटांचं ते पथक होतं. महिन्यातले निम्मे रविवार ही मंडळी डोंगरदऱ्यांत जाऊन स्वतःचे हाल करून घेतात आणि उरलेले निम्मे दुसऱ्यांचे हाल कमी करण्यात घालवतात. पुढच्याच आठवड्यात आमची मुलगी त्यात उमेदवार म्हणून दाखल झाली.

"म्हणजे फुकट ओझी वाहायची आणि वर गळ्यात फडकं बांधायचं?" आत्या म्हणाली. "घरात झाडू हातात दिला तर हिच्या मानेत लचक भरते."

"आत्या, झाडू एकटीनं मारायचा असतो. तिथे सहा जण असतात."

"मग आम्ही पण सहा जण उभे राहतो ना मागे. तू मार."

उमेदवारांना स्कार्फ नसतो. त्यांनी आधी शिकायचं. त्या काळात आमच्या घरातली एकही वस्तू सुटी राहिली नाही. पडदा खिडकीला, खुर्ची टेबलाला, माझी ऑफिसची बॅग दाराच्या कडीला. गाठी सुरेख असायच्या. सोडवायला मात्र तीच लागायची, आणि ती कॉलेजात असायची. एकदा मी बॅगेशिवाय ऑफिसला गेलो आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, हे वेगळंच दुःख. कालव्याच्या काठावरचा कचरा उपसून ती घरी यायची तेव्हा तिला आधी जिन्यातच थांबवावं लागायचं. एका रविवारी रात्रभर डोंगराच्या धारेवर राहून आली आणि हातातली पावाची सुरी हवेत तशीच धरून सांगत बसली, "सकाळी तंबूतून बाहेर आले ना बाबा, तर ढग खाली होते. खाली! आपण वर आणि ढग खाली. कोणी बोललंच नाही किती तरी वेळ. आमच्यातला तो बडबड्या आहे ना, तोसुद्धा." तिचे डोळे असे झाले होते की मी सुरी काढून घ्यायची विसरलो.

आणखी एक नवी खोड लागली. कोणाला काही द्यायचं असलं की ती आधी विचारायची, "धरलंस?" समोरच्यानं "धरलंय" म्हटल्याशिवाय हातातलं सोडायची नाही. बायको हसून म्हणायची, "धरलंय गं बाई." आत्या म्हणायची, "धरलंय, धरलंय, आता तुलाच धरते." मी ते कधी म्हणायचो नाही. "दे गं," म्हणून हिसकून घ्यायचो.

मग पुलाची बातमी आली. दूर डोंगरातल्या एका दरीत नदीवरचा पादचारी पूल पुरात वाहून गेला होता. पलीकडच्या वस्तीतल्या पोरांना शाळेत जायला आख्ख्या डोंगराला वळसा. पथक महिनाभर तिथे राहून नवा पूल बांधायला मदत करणार होतं. काम पाण्याच्या वर, दोरांवर लोंबकळून. म्हणून ज्यांना स्कार्फ मिळालाय तेवढ्यांनीच जायचं. आमच्या मुलीनं आयुष्यात इतकी कुठली गोष्ट मागितल्याचं मला आठवत नाही. ती मागतही नव्हती. जेवताना नुसती गप्प असायची, आणि तिच्या ताटातलं काही सांडायचं नाही. ते बघवत नव्हतं.

"अडतंय कुठे?" मी बायकोला विचारलं.

"त्यांच्या बाईंना विचारा," ती म्हणाली. "मला सांगितलं, मी हसले, तर ती उठून गेली."

पथकाच्या प्रमुख बाई एरवी दातांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात मी शनिवारी जाब विचारायला गेलो. "बसा," त्या म्हणाल्या. खोलीत बसण्यासारखी एकच खुर्ची होती. मी बसलो, ती मागे कलली, दिवा डोळ्यांवर आला आणि माझं तोंड आपोआप उघडलं. वाद घालायला याहून सोयीची जागा जगात नसेल, फक्त सगळी सोय एकाच बाजूची असते.

"तुमची मुलगी चांगली आहे," बाई आरशानं माझा जबडा चाचपत म्हणाल्या. "घाई करते, पण चांगली आहे. ही दाढ दुखते का?"

"आं."

"दुखणारच. तर आमच्याकडे दोराची एक रीत आहे. स्कार्फ द्यायच्या आधी उमेदवारानं एका माणसाला कड्यावरून खाली सोडायचं. दोर उमेदवाराच्या हातात. माणूस पथकातलं चालत नाही, आम्ही एकमेकांना रोजच सोडतो, त्यात काय मोठं? माणूस घरचं लागतं. आणि घरातलंही ते, ज्याचा उमेदवाराच्या हातांवर सगळ्यात कमी भरवसा आहे."

"आं?"

"हो. तिनं तुमचं नाव सांगितलं. विचार करायलासुद्धा थांबली नाही. चूळ भरा."

मी चूळ भरली. बोलता येऊ लागल्यावर मला जे बोलायचं होतं ते आठवेना, म्हणून धंद्यातलं विचारलं. "जोडीला दुसरा दोर असतो?"

"असतो. आमच्यातलं जुनं कोणी तरी धरतं. पण तो ढिला ठेवतो. भार सगळा तिच्या हातात."

"आजवर कोणी पडलंय?"

"नाही."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही. जबरदस्ती करून कोणाला लोंबकळवत नाही आम्ही. ती पुढच्या वर्षी परत प्रयत्न करेल." बाईंनी हातमोजे काढले. "पूल तेवढा यंदाच आहे. आणि खाली उतरल्यावर स्कार्फ तुम्हीच घालायचा तिच्या गळ्यात. घालायचा की नाही ते पण तुम्हीच ठरवायचं. आम्ही मधे बोलत नाही. दाढेसाठी मंगळवारी या."

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "अहो, मी जाते त्यात काय. माझा आहे भरवसा."

"म्हणूनच तू चालत नाहीस, आई."

"मग मी?" आत्यानं विचारलं. "माझा तर अजिबात नाही."

"तुझा आहे गं. तू नुसती बोलतेस."

आत्याला हे लागलं. म्हणजे मतदान झालंच नाही. मी बिनविरोध निवडून आलो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती बशा पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तू नको म्हणालास तरी मी रागावणार नाही. खरंच. पण मला तिथे जायचंय. त्या दिवशी जिन्यात पुढची मुलगी विचारत होती आणि मागचे सांगत होते, आणि त्या सांगण्यावर ती डोळे मिटून पाय टाकत होती. मला वाटलं, आपण एकदा तरी असं व्हावं. आपण 'धरलंय' म्हटलं की दुसऱ्यानं खुशाल पाय उचलावा. मी म्हटल्यावर कोणीच उचलत नाही."

बशा पुसून झाल्या. एकही फुटली नाही.

"कधी आहे?" मी विचारलं.

गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण आहे. मी ती लांबून, रस्त्यावरून पाहिली होती आणि मनातल्या मनात कुंपण नसल्याबद्दल शेरा मारला होता. जवळ गेल्यावर शेरा सुचेना. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगर कापत कापत मागे नेलेला, आणि मग एके दिवशी हत्यारं उचलून निघून गेलेली. उरला होता तो सरळ उभा कडा, एखाद्या अवाढव्य घराच्या आतल्या भिंतीसारखा, आणि त्या घराला छप्पर म्हणून आभाळ. आपण बोललं की शब्द कड्यापर्यंत जाऊन, थोडा विचार करून परत यायचा. बायको आणि आत्या खाली सपाटीवर छत्री उघडून बसल्या. आत्यानं वर बघितलं आणि बराच वेळ एकही टोमणा मारला नाही. मी तिला तिच्या जन्मापासून ओळखत नसलो तरी माझ्या जन्मापासून ओळखतो; हे तिचं पहिलंच मौन.

कड्यावर सावली आली की दोर गुंडाळायचे, असा पथकाचा नियम. आमची पाळी शेवटची. आमच्या आधी बेकरीत काम करणाऱ्या एका मुलानं आपल्या मोठ्या भावाला सोडलं. भाऊ पोलिसात, मिशा भरघोस. अर्ध्यावर तो "आई गं" म्हणाला. कड्यानं ते पोचतं केलं आणि खालून त्याच्या आईनं विचारलं, "काय रे?" पण तो उतरला, परत पाऊलवाटेनं वर आला आणि धाकट्याच्या गळ्यात स्कार्फ घालताना त्याच्या मिशा थरथरत होत्या. पथकानं आरोळी दिली. आमच्या मुलीनं टाळ्या वाजवल्या आणि तिचे हातमोजे खाली पडले.

मग तिनं मला कंबरपट्टा चढवला. मांड्यांना पट्टे, कमरेला पट्टा. पट्ट्याचं टोक बक्कलातून ओवलं, ओढलं, उलटं फिरवून परत त्याच बक्कलातून ओवलं. दोर अडकवला, गाठ दाखवली, कडी फिरवून बंद केली. हे सगळं करताना ती काय करतेय ते पुटपुटत होती. माझ्या पोटावर थोपटून म्हणाली, "झालं. आता याला हात लावू नकोस." आणि कड्यापासून मागे, खडकात ठोकलेल्या लोखंडी पहारींपाशी आपल्या जागेवर गेली.

आता, विमा कंपनीच्या माणसाला कशालाही हात लावू नकोस असं सांगणं म्हणजे मांजराला दूध दाखवणं. शिवाय पोट आवळलं होतं. शिवाय ते 'झालं' मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. ती दोर उलगडत असताना मी बक्कल सोडून बघितलं. नीट होतं. मी ते पुन्हा होतं तसं लावलं.

मग कड्याच्या टोकाशी जाऊन पाठ दरीकडे, तोंड तिच्याकडे करून उभा राहिलो. टाचांच्या मागे काहीच नव्हतं. इतकं काहीच नसणं मी कधी अनुभवलं नव्हतं; माझ्या ऑफिसात कागदावर 'उंचीवरून पतन' असे दोन शब्द असतात फक्त. दुसरा दोर धरायला पथकातला तो बडबड्या मुलगा उभा होता आणि तो गप्प होता. बाई एका दगडावर बसल्या होत्या. मला शिकवलं होतं तसं मी विचारलं, "धरलंय?"

तिनं दोर हातात घेतला होता. पाय रोवले होते. माझ्याकडे बघत होती. आता ती 'हो हो' म्हणणार, हे मला ठाऊक होतं. खालच्या सपाटीवरची सावली सरकत कड्याच्या पायथ्याला लागली होती.

"नाही," ती म्हणाली.

एवढं स्वच्छ 'नाही' तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. पथकातल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, गेलं. खात्यानं हेही पाडलं. पूल गेला, स्कार्फ गेला, ऐन वेळी पोरगी घाबरली. वाचलो, असं मला वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

"बाबा, पुढे ये. माझ्याकडे. आणखी पुढे."

"अगं, पण सगळे थांबलेत..."

"थांबू देत. खाली बस."

मी बसलो. माझ्या आईनंतर मला कोणी असं बसवलं नव्हतं. तिनं घाई न करता दोर पहारीला अडकवला, गाठ ओढून बघितली आणि मग माझ्याकडे आली. गुडघ्यावर बसून माझ्या पोटाकडे बोट केलं.

"शेपूट लांब आहे."

पट्ट्याचं टोक बक्कलातून निघून भलतंच लांब लोंबत होतं. मी ते एकदाच ओवलं होतं. उलटं फिरवून दुसऱ्यांदा ओवायचं राहिलं होतं. माझा भार पडला असता तर पट्टा बक्कलातून हळूहळू, अगदी सभ्यपणे, सरकत निघून आला असता.

"तू सोडलंस हे?"

"बघत होतो."

"काय?"

"नीट आहे का ते."

बडबड्या मुलानं तोंड फिरवून आभाळाकडे बघायला सुरुवात केली. मी मात्र त्या पट्ट्याच्या शेपटीकडेच बघत होतो. अशा प्रकरणात आम्ही काय लिहितो ते मला पाठ आहे. उपकरण सुस्थितीत. सूचना दिलेली होती. मयताचा हलगर्जीपणा. दावा नामंजूर. खाली माझी सही असते.

तिनं पट्टा पुन्हा लावला. ओवला, ओढला, फिरवला, ओवला. तिचे हात मी इतक्या जवळून शेवटचे कधी पाहिले होते कोण जाणे. कोपरापर्यंत ओरखडे, तळव्यावर घट्टे. हे घट्टे कधी पडले? माझ्याच घरात राहतात हे हात.

बाई दगडावरून एवढंच म्हणाल्या, "सावली यायला अजून वेळ आहे."

मी परत टोकाशी गेलो. "धरलंय?"

तिनं पट्टा बघितला. गाठ बघितली, कडी बघितली, पहारी बघितल्या, स्वतःचे पाय बघितले. शेवटी माझ्याकडे बघितलं.

"धरलंय."

मी मागे झुकलो.

पहिल्या क्षणी सगळं शरीर 'नको' म्हणालं आणि मग दोर ताणला गेला आणि थांबला. मी पडलो नव्हतो. मी कोणाच्या तरी हातात होतो, माझ्या पोटासकट, दुखऱ्या दाढेसकट, खिशातल्या ऑफिसच्या किल्ल्यांसकट. असं संपूर्ण वजन दुसऱ्याच्या हातात देऊन मी शेवटचा कधी होतो? आठवणी साठायला लागायच्या आधी कधी तरी असेन. पाय कड्याला टेकले, दोर जरा सुटला, मी एक पाऊल खाली गेलो. आणखी एक. मी थांबलो की दोर थांबायचा. मी पाय उचलला की यायचा, आधी नाही, नंतर नाही. वर ती मला दिसत नव्हती, पण दोरातून तिचं सगळं कळत होतं, बाळाचा श्वास हाताला कळावा तसं.

चूक शोधायची माझी सवय अर्ध्या वाटेपर्यंत टिकली असेल. मग डोळ्यांसमोर तो दगड आला. लांबून राखाडी दिसणारी भिंत जवळून राखाडी नव्हतीच. जांभळट पट्टा, त्याखाली तांबूस, त्याखाली निळसर, आणि मधूनच काचेसारखी चमकणारी एक शीर. माझ्या नाकासमोरच्या एका बोटाच्या थराला जमायला किती काळ लागला असेल, याचा हिशेब करू लागलो आणि सोडून दिला. त्याच दगडावर छिन्नीचे घाव होते, तिरपे, एकसारखे. कोणी तरी इथेच लोंबकळून ते मारले होते, आणि वर कोणी तरी त्याचाही दोर धरला असणार. एका फटीत मूठभर मातीत एक रोप उगवलेलं, त्याला नखाएवढं पिवळं फूल. बाजूच्या भेगेतून पाकोळ्या सुटल्या आणि माझ्या पाठीमागच्या त्या अथांग काहीच-नाहीमध्ये निवांत फिरू लागल्या. त्यांना तिथे काही पडत असतं याची कल्पनाच नव्हती. मी दोराला लटकून फुलाकडे बघत राहिलो. वरून कोणी घाई केली नाही. दोर थांबून होता.

"अहो!" खालून बायकोचा आवाज आला. "अडकलात का?"

"नाही," मी म्हणालो. "बघतोय."

पाय जमिनीला लागले तेव्हा मला ती जमीन जरा ढिली वाटली. मी कपाळ कड्याला टेकवलं. दगड ऊन खाऊन गरम झाला होता.

"रडताय की काय?" बायकोनं हळूच विचारलं.

"डोळ्यांत धूळ गेली."

"असू दे रे," आत्या म्हणाली. तिच्याही डोळ्यांत गेली होती, छत्रीखाली बसून.

पाऊलवाटेनं मी वर पोचलो तेव्हा सावली कड्याच्या माथ्याशी आली होती. बाईंनी निळा स्कार्फ माझ्या हातात दिला आणि त्या चार पावलं लांब जाऊन दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. मुलगी माझ्यासमोर उभी होती. हातमोजे काढलेले, केस घामानं कपाळाला चिकटलेले. मी स्कार्फ तिच्या मानेभोवती टाकला आणि मला येणारी एकमेव गाठ मारली, म्हणजे ऑफिसच्या टायची.

ती खाली बघून म्हणाली, "बाबा, ही चुकीची आहे."

"सोडून परत मार."

"नको. राहू दे आजच्या दिवस."

पथकानं आरोळी दिली. कड्यानं ती दोनदा परत केली.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं न्हाणीघरातली साबणदाणी फोडली. तुकड्यांचा आवाज ऐकून आत्या समोरच्या दारातून धावत आली आणि समाधानानं म्हणाली, "चला, खातं अजून चालू आहे."

सकाळी इमारतीखाली ट्रक उभा होता. मागे फळ्या, दोरांची भेंडोळी, तंबू आणि त्यावर बसलेले निळे स्कार्फ. सामान चढवताना पुन्हा ते सुरू होतं, धरलंय, धरलंय, आणि शेजारीपाजारी गॅलऱ्यांतून बघत होते. मुख्याध्यापक सहाव्या मजल्यावर खिडकीत खुर्ची ओढून बसले होते आणि कोणालाही गाढव म्हणत नव्हते. गाडी सुरू झाल्यावर आमच्या मुलीला आठवलं की घराची किल्ली तिच्याच खिशात राहिली. ती फळीवरून वाकली. मी हात वर केला. किल्ली माझ्या हाताला लागली, पण तिनं सोडली नव्हती.

"धरलंस?"

एरवी मी ती हिसकून घेतली असती. मी बोटं नीट मिटली, किल्ली आत आहे हे बघितलं, आणि मग म्हणालो, "धरलंय."

मग तिनं सोडली.